होडी विकून आणलेली जीप

माझा जावई लिनो म्हणजे देवाने घाईत उरकलेलं काम. हात दिले, पाय दिले, आणि डोकं द्यायच्या वेळेला देवाचाच डोळा लागला असणार.

ठाण्याच्या खाडीला लागून आमची पाखाडी. पाच-पंचवीस घरं, सगळी किरिस्तावांची, सगळी मासळीवर जगणारी. माझा नवरा गेला तेव्हा मागे एक होडी ठेवून गेला. पोर मला एकच, थेरेसा. तिच्या लग्नात ती होडी मी लिनोच्या हवाली केली. होडी दारात असली की पोरगी उपाशी राहणार नाय, एवढाच माझा हिशोब. आणि ह्या दीडशहाण्याने काय केलं? पावसाळ्याच्या तोंडावर होडी मुंब्र्याच्या माणसाला विकली, आणि कल्याणच्या कॅम्पातून मिलिटरीची मोडकी जीप उचलून आणली!

लढाई संपून तेव्हा तीन-चार वर्षं झालेली. कॅम्पाच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी लोक येऊन राहिलेले आणि मागच्या मैदानात मिलिटरीने टाकून दिलेल्या गाड्यांचा उकिरडा. त्या उकिरड्यातलं हे रत्न. बैल जुंपून शीळफाट्यावरून ओढत आणलं. टायर फाटलेले, गादी उंदरांनी खाल्लेली, इंजिनात चिमणीचं घरटं. पाखाडी हसून हसून लोळली. मी नाय हसली. होडी माझी गेलेली.

"मामी, ही साधी गाडी नाय," लिनो मला सांगतो कसा, "हिची चारी चाकं ओढतात. चिखल असो, चढ असो, कुठे अडणार नाय."

"अरे मेल्या, आधी एक चाक तरी ओढू दे!"

"मामी, मासे धरणारे पाखाडीत पुष्कळ. कॅम्पातले सिंधी मासळीवर जीव टाकतात, पण थेरेसा डोक्यावर टोपली घेऊन तिथे पोचेपर्यंत मासळी मऊ पडते. गाडीने नेली तर ताजी जाईल."

म्हणजे मासे दुसऱ्याने धरायचे आणि ह्याने गाडीत बसून मिरवायचं. आयत्या बिळावर नागोबा! माझं डोकं असं फिरलं की मी त्याचा दंड धरला आणि पाखाडीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथे नेऊन उभा केला. थेरेसा मागून आली.

"क्रुसापुढे बोल," मी म्हटलं. "आगेऱ्याच्या दिवशी तुझी गाडी चालली, तर मी तोंड उघडणार नाय. नाय चालली, तर थेरेसा माझ्या घरी येणार. कायमची. मग तू बस तुझं लोखंड चाटत."

आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण. पावसाळा सरला की नव्या लोंब्या देवळात न्यायच्या, फादर त्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. तोवर सगळा पावसाळा ह्याच्या हातात होता.

"बरं मामी," लिनो म्हणाला. थेरेसा क्रुसाकडे बघत उभी. मी मनात म्हटलं, झालं, पोरगी माझी. त्याच आठवड्यात तिची जुनी खाट नव्या काथ्याने विणून घेतली.

आता गाडीतला ‘ग’ ठाऊक नसलेला माणूस गाडी उघडायला बसला. होडी गेलेली, तिचा मांडव रिकामा पडलेला. त्यात जाळी सुकवायच्या दोऱ्या बांधलेल्या होत्या. लिनो एकेक भाग सोडवायचा आणि दोरीला टांगायचा. पहिला निघाला तो पहिला, त्याच्या बाजूला दुसरा. उलट जोडत आलं की झाली गाडी, असं त्याचं शास्त्र. बोल्ट, नळ्या, डबे, चक्रं, सगळं लोंबकळतंय. आणि थेरेसा, माझी पोरगी, प्रत्येक भागाला रंगीत चिंधी बांधत बसलेली, कुठला कुठला ते ध्यानात राहावं म्हणून. नखांत काळं भरलेलं. घरी भात शिजायचा बाकी, आणि ही नवऱ्याला विचारतेय, "ही दांडी ओढली की पुढची चाकं लागतात ना रे?"

मोहने गावचा विश्राम लढाईत मिलिटरीची गाडी चालवायचा. तो येऊन काय कसं जोडायचं ते दाखवून गेला. जाताना म्हणाला, "खाडीची हवा आहे, लोखंडाला तेल लावून ठेव."

झालं! होडीवाल्याला तेल लावायला सांगायचं म्हणजे काय? आमच्यात होडी पाण्यात घालायच्या आधी आतून-बाहेरून मुशी माशाचं तेल पाजतात, एक फट कोरडी सोडत नाहीत. ह्याने दोरीवरच्या एकूण एक वस्तूला मुशीचं तेल चोपडलं. असा वास सुटला की देवळात माणसं त्याच्या बाकावर बसेनात. पाखाडीतल्या झाडून सगळ्या मांजरी मांडवात मुक्कामाला. मी जाता-येता म्हणायची, "वा जावईबापू, गाडी नाय चालली तर मांजरींना विका." तो हसायचा. राग येईल एवढी अक्कल कुठली?

आगेऱ्याचा दिवस उजाडला. सगळी पाखाडी नवे कपडे घालून क्रुसापाशी. फादर पाण्याचं भांडं घेऊन उभे. लिनो स्टिअरिंगवर, बाजूला थेरेसा, मांडीवर लोंब्यांची पेंढी. आणि गाडीत मागे काय ठेवलेलं सांगू? होडीचा नांगर! मुंब्र्याच्या माणसाला होडी दिली तेव्हा नांगर घरातच राहून गेलेला. गाडीत कशाला, विचारलं, तर म्हणतो, "नांगराशिवाय बाहेर पडायचं नसतं, मामी."

इंजिन खोकलं, शिंकलं, आणि देवा जेजू, सुरू झालं! गाडी हलली. पोरं ओरडली, बायांनी टाळ्या वाजवल्या. मी नाय वाजवल्या.

क्रुसापासून बंदराकडे उतार आहे. गाडी त्या उताराला लागली आणि काही थांबेना. लिनो पायाने दाबतोय, दाबतोय, जसा काय चिंचा तुडवतोय. मग ओरडला काय, "थेरेसा, नांगर टाक!" आणि तिने टाकला! मोटारगाडीतून नांगर! तो माझ्या परसाच्या कुडात अडकला. गाडी थांबली म्हणता? कूड उपटला गेला, माझी दुधीची वेल त्याच्यासकट गेली, आणि सगळी वरात सरळ खाडीच्या चिखलात. फादरांनी पाणी शिंपडलं ते रस्त्यावरच.

विश्राम सणाला आलेला. चिखलात उतरून त्याने चाकाच्या आत बोट फिरवलं, हुंगलं आणि कपाळावर हात मारला. "लिनो, ब्रेकच्या पट्ट्यांना कोण तेल लावतं रे?"

मी पुढे झाली. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं तोंडाशी आलेलं. "थेरेसा, चल घरी. क्रुसापुढे ठरलेलं."

गुडघाभर चिखलात उभी राहून पोरगी म्हणाली, "गाडी चालायची ठरलेली, आये. ती चालली. थांबायचं कुठे ठरलेलं?"

सगळी पाखाडी खो खो हसली. माझ्या पोटची पोरगी, आणि मलाच!

भरती लागलेली. पाणी चाकांना टेकत होतं, आणि इंजिनात खारं पाणी शिरलं की खेळ खलास, असं विश्राम ओरडत होता. थेरेसाने गाडीला दोर बांधला. "मी दांडी ओढते, चारी चाकं लागतील, तुम्ही वरून ओढा," म्हणाली. माणसं धावत आली, दोराशी उभी राहिली, पण हात कोणी लावेना. आमच्यात रीतच तशी. रुतलेली होडी ओढायची तर पहिला हात मालकिणीचा. तो लागल्याशिवाय बाकीचे दोर धरत नाहीत.

थेरेसाने दोराचं टोक माझ्यासमोर धरलं. "पहिला हात तुझा, आये. तुझ्या होडीच्याच पैशांची आहे ही."

मी पाण्याकडे बघितलं. मला काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. बाकीचं भरतीने केलं असतं. गाडी गेली असती, होडी तर गेलेलीच, मग त्या गाढवाकडे तिला खायला काय राहिलं असतं? माझ्याच दारात आली असती. खाट विणून तयार होती.

आणि तो गाढव गाडीला खांदा लावून उभा, तोंडावर चिखल, माझ्याकडे बघून हसतोय. ह्याला अजून कळलेलं नव्हतं की मी कशाचा विचार करतेय. असला जावई वैऱ्याला मिळू नये. थेरेसा मात्र हसत नव्हती. तिला सगळं कळलेलं. विनवणी करील असं वाटलं, पण तीही केली नाय, नुसता दोर धरून राहिली. 

मी दोर धरला. "बघता काय मेल्यांनो, ओढा!"

चारी चाकं चिखल उडवत फिरली आणि गाडी वर आली. त्या आठवड्यातच दोघं मासळी घेऊन कॅम्पात जायला लागली. पट्ट्या बदलल्या, वास काही गेला नाय. लिनो अजून मूर्ख तो मूर्खच.

आगेऱ्याच्या त्या संध्याकाळी मी घरी आली आणि थेरेसासाठी विणलेली ती खाट भिंतीला उभी करून ठेवली. एकट्या बाईला दोन खाटा कशाला?