दोन घरं उजळ

फोटोवाल्या काकूंचा हात चांगला, असं सगळी गल्ली म्हणायची. ओळखपत्रावरच्या फोटोत माणूस एरवी हमखास चोरासारखा दिसतो. पण काकूंकडचा फोटो लोक घरी नेऊन चारचौघांना दाखवत. त्यात गुपित असं काही नव्हतं. फोटो काढला की काकू कॉम्प्युटरवर बसत, पुटकुळ्या पुसत आणि उजेडाची पट्टी दोन घरं पुढे सरकवत. सगळ्यांचीच, आणि कुणालाही न विचारता. दुकान सासऱ्यांनी काढलेलं. ते हेच काम ब्रशने निगेटिव्हवर करायचे. त्याला टचिंग म्हणायचं. भाजीत मीठ घालताना कुणी विचारतं का, तसंच हे.

पलीकडच्या हॉस्पिटलात एक नर्स होती. दूरच्या देशातून आलेली, रंगाने काळी, उंच, हसली की खांदेही हसायचे. इथली भाषा झकास बोलायची. ती ओळखपत्रासाठी फोटो काढायला आली. प्रिंट निघेपर्यंत स्टुलावर बसून तिने मोबाइलवर स्वतःचाही एक फोटो काढला. पाकीट हातात आल्यावर तिने आतला फोटो पाहिला, मग काकूंकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि गेली. काकूंना वाटलं, आवडला.

दोन दिवसांनी दुपारी काका चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाचवतच दुकानात शिरले.

"अगं, आपण गाजलो!"

नर्सने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून फेसबुकवर टाकले होते. खाली लिहिलं होतं : "एकाच स्टुलावर, एकाच दिवशी काढलेले. पहिला माझा. दुसरी बाई कोण, मला माहीत नाही. फिकट करा, असं मी सांगितलं नव्हतं. वर्णभेद म्हटलं की आपण फक्त शिव्यांबद्दल बोलतो. याबद्दलही बोलू या का?"

दुकानाचं नाव नव्हतं. पण मागचा निळा पडदा, त्याच्या कोपऱ्यातल्या ठिगळासकट, अख्ख्या गावाला पाठ होता.

खाली माणसांचा नुसता बाजार भरला होता. 'दुकानदाराला लाज वाटली पाहिजे,' म्हणणारे होते. 'फुकटात उजळ करून दिलं, वर हिचीच तक्रार?' म्हणणारेही होते. 'एवढं खुपतं तर आपल्या देशात जा.' एकाने दिवे गेल्यावर ही कशी दिसेल, यावर विनोद केला होता आणि पुष्कळ जण त्याला हसले होते. तो वाचून काकूंनी मोबाइल उपडा ठेवला.

"आपल्या बाजूने बोलणारे बरेच आहेत हं," काका म्हणाले. "तूही लिही, मशीन आपोआप करतं म्हणावं. नाहीतर गप्प बस. नाव कुठाय आपलं? लोक चार दिवसांत विसरतील."

गप्प बसणं काकूंनाही पटत होतं. अर्धं हॉस्पिटल त्यांचं गिऱ्हाईक. आजवर दुकानाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्यांनी मोबाइल पुन्हा उचलला, आणि पोस्टला बदाम देणाऱ्यांमध्ये त्यांना सुनेचं नाव दिसलं.

सून समोरच्याच टेबलावर फोटो कापत बसली होती.

"तू बदाम दिलास?"

"दिला."

"घरच्या दुकानाविरुद्ध?"

"दुकानाविरुद्ध नाही, आई. तिच्या बाजूने."

"एकूण एकच ते!" काका म्हणाले.

"एक नाही, बाबा." सुनेची कात्री चालूच होती. "माझ्या लग्नाचा अल्बम आईंनी केला. त्यात मी दोन नाही, चांगली चार घरं उजळ आहे. माझी मावशी बघून म्हणाली, नवरी छान आहे गं, पण तू कुठे आहेस?"

काकांना एकदम चहाची आठवण झाली. "सांगून येतो," म्हणत ते सटकले.

"अगं, मायेने केलं मी," काकू म्हणाल्या. "लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून."

"माहितीये मला. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही. कुणी शिवी दिली असती तर भांडले असते. मायेशी कसं भांडायचं?"

वर्णभेद म्हणजे पेपरातली गोष्ट, दुसऱ्यांच्या घरची, अशी काकूंची समजूत. त्यांनी कधी कुणाला वाईट शब्द वापरला नव्हता. रोज शटर उघडताना त्या हात जोडून म्हणत, 'तू घडवलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात; माझा हात नीट चालू दे.' आता तेच त्यांना टोचलं. देवाने घडवायचं आणि आपण दोन घरं पुढे जायचं, तेही ज्याचा चेहरा त्याला न विचारता!

"देवाच्या कामात टचिंग," त्या पुटपुटल्या. सुनेला नको असताना हसू आलं.

"लिही," काकू म्हणाल्या. "दुकानाच्या नावाने लिही."

"नक्की? मग मागे घेता येणार नाही."

"लिही गं. हे दुकान आमचं. फोटो मी फिकट केला, मशीनने नाही. मी सगळ्यांचेच करते, कुणालाच विचारत नाही. ते चुकलं. तुमचा फोटो पुन्हा काढून देईन. आणि जे माझी बाजू घेऊन तुम्हाला वाट्टेल ते बोलताहेत, त्यांनी कृपा करून माझी बाजू घेऊ नये."

काका चहा घेऊन आले तोवर ते फेसबुकवर गेलेलं होतं.

"अगं, निम्मी गिऱ्हाइकं घालवलीस!"

"निम्मी राहिली ना? चहा द्या इकडे."

मग व्हायचं ते झालं. कुणी शाबासकी दिली, कुणी 'ढोंगी म्हातारी' म्हटलं. नणंदेने फोन करून विचारलं, "वहिनी, कशाला पडलीस त्यात?" नर्सचं उत्तर मात्र एवढंच आलं : "उद्या ड्युटी संपल्यावर येते."

ती आली. काकूंनी फोटो काढला, पट्टीला हात लावला नाही, आणि कॉम्प्युटरवर दिसलं ते भलतंच. चेहऱ्याच्या जागी नुसती सावली. नाक कुठे, गाल कुठे, काही कळेना. दुकानातले दिवे सासऱ्यांच्या वेळेपासून गोऱ्या-गव्हाळ चेहऱ्यांच्या हिशेबाने टांगलेले. बाकीचं टचिंग सांभाळून घ्यायचं.

"ही पण मी नाही," नर्स म्हणाली.

"नाहीच. थांबा."

सून शिडीवर चढली. एक दिवा बाजूला आला, एक खाली. उजेड चेहऱ्यावर परतवायला पांढरा पुठ्ठा काका हातात धरून उभे राहिले, कुरकुरत. बाकावर एक बाई नंबर लावून बसली होती. ती घड्याळ बघू लागली. काढ, बघ, पुन्हा काढ. शेवटी कॉम्प्युटरवर कपाळाची चमक दिसली, डोळ्यांखालचा ड्युटीचा थकवा दिसला, आणि काळा रंग होता तसा, भरीव, उजेडात.

नर्स वाकून बघत राहिली. "हां," ती म्हणाली, आणि खांदे हलले. "हा टाकू?"

"टाका. या खेपेला दुकानाचं नाव घालून टाका."

बाकावरची बाई उठून स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझाही अस्साच काढा. फक्त जरा उजळ करा."

सून शिडीवरून खाली बघायला लागली. काकूंनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"आधी आहे तसा काढते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा. मग विचारते."