विद्याच्या आईचे दोन शब्द

मिमिक्रीवाला कबुली देतोय म्हटल्यावर तुम्ही हसायच्या तयारीत बसला असाल. बसा. प्रिन्सिपॉल मॅडमचा खोकला काढतो, कापडदुकानवाल्या भाभींचं 'हमारा तो पढ़ताच नहीं' पण काढतो. पण आज जे सांगायचंय, ते कोणाच्या आवाजात सांगू? घरात नाही, दोस्तांत नाही — कुठेच बोललेलो नाही. माझा पुतण्या चिकू तेव्हा पाचवीत होता. आता दहावीला आहे.

दादाची नोकरी धुळ्याला, वहिनी जळगावात बँकेत. मी बारावीत आपटलेला, मोबाईल रिपेअरच्या दुकानात बसणारा. चिकूला शाळेतून आणायचं, त्याचा अभ्यास घ्यायचा — हे माझं खातं. घरात मला जी काय किंमत होती ना, ती चिकूच्या मार्कांची. माझी स्वतःची अशी नव्हतीच.

आणि शाळेचं गेट! पोरं सुटायच्या आधी अर्धा तास पालकांचीच परीक्षा. लिंबाखाली स्कुट्या लावायच्या आणि सुरू. 'आम्ही काही अभ्यास घेत नाही हो, तोच बसतो' — असं म्हणणारीच्या डिकीत दोन-दोन क्लासच्या बॅगा. मी सगळ्यांच्या नकला करायचो. त्यांच्यातच उभं राहून, त्यांच्यासारखाच जळत.

चिकूच्या वर्गातल्या विद्याची आई तेवढी वेगळी. अमळनेरकडच्या खेड्यातली, नवरा मालाची रिक्षा चालवायचा. सरळ अहिराणीत विचारायची, "भाऊ, चिकूले कितला मार्क पडनात?" आणि विद्या दर वेळी पहिली, चिकू दुसरा. तिनं कपटानं विचारलं असतं तर मी सुखी झालो असतो हो. पण तिच्या बोलण्यात खोच नव्हतीच. तेच जास्त झोंबायचं. मी तिचीही नक्कल केली, सगळ्यांसमोर. तीच सगळ्यात जास्त हसली. "हाऊ ते मन्हाच आवाज शे!" माझं आजोळ तिकडचंच, मला तिची बोली कळते, म्हणून मी तिला आपला वाटायचो.

गॅदरिंगला पहिल्या नंबरच्या आईने किंवा वडिलांनी स्टेजवर दोन शब्द बोलायचे, अशी शाळेची पद्धत. विद्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहिराणीमा बोलसू, चाली का?" आणि म्हणून दाखवलं —

"मी चौथी शिकेल शे. मन्ही पोर वाचस, मी भाकरी थापता थापता ऐकस. आते मी बी पाचवीमा शे."

मला काटा आला. आणि लगेच — खरं सांगतो, लगेच — पोटात पेटलं. हिची पोरगी पहिली, आणि बोलणंही हिचंच असं? मग मला काय उरलं?

मी म्हणालो, "ताई, नका बोलू. इथले लोक हसतात. मागच्या वर्षी एका आईला हसले, तिची पोर महिनाभर शाळेत आली नाही."

खोटं. साफ खोटं. मागच्या वर्षी कोणी हसलं नव्हतं, कोणाची पोर घरी बसली नव्हती. विद्याच्या आईचा चेहरा एवढासा झाला. "बरं झालं सांगितलं," असं काहीतरी ती म्हणाली. मला म्हणाली!

गॅदरिंगला ती आलीच नाही. विद्या ढाल घेऊन स्टेजवर उभी, डोळे सारखे पालकांच्या रांगांवर. सरांनी माईकवर विचारलं, पालकांपैकी कोणी बोलेल का? माझे पाय आपोआप गेले, असं लिहिणार होतो. आपोआप कसले? मी नेले. वहिनीची ओढणी डोक्यावर घेतली आणि विद्याच्या आईच्या आवाजात, तिचे शब्द, तिच्या थांबण्यासकट बोललो. नाव कोणाचं घेतलं नाही. सगळ्यांना वाटलं, मीच रचलंय.

बोलणं संपलं. मग काय टाळ्या! पाहुणे उठून उभे राहिले, आपली बोली, आपली बोली म्हणत. वहिनी शेजारणीला सांगत होती, "हा माझा दीर." पहिल्यांदा. त्यासाठीच तर केलं होतं ना? विद्या मात्र टाळ्या वाजवत नव्हती. हातात ढाल होती म्हणून — असं मी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विद्याची आई गेटवर थेट माझ्याकडेच आली. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर! पण तिनं भलतंच धरलं होतं — लोक हसणारच असतील तर तिच्याऐवजी मला हसू देत, म्हणून मी पुढे झालो. मी तिला तसंच समजू दिलं. तेव्हाही, नंतरही. सगळ्या स्कुटीवाल्यांसमोर ती मला रागवत होती, डोळ्यांत पाणी आणून —

"काय रे भाऊ, येडा शे का तू? पोरनी सांगं मले बठ्ठं. लोके हसतीन म्हनीसन मले घर बसाडं, आनि सोता जाईसन उभा ऱ्हायना? टाळ्या पडन्यात म्हनीसन वाचना! तुन्ही इज्जत, इज्जत नही शे का? परत मन्हाकरता आसं करशी ना, ते कान पिळसू तुन्हा!"