कप्तान गुरुजींची स्वारी

आमचे कप्तान गुरुजी एका जागी उभे राहिलेले कोणी पाहिले नाहीत. वर्गात ते इतके चालत, की फरशीला पाट पडला होता आणि पावसाळ्यात त्यातून पाणी वाहायचं. खोटं वाटत असेल तर साकोलीत कुणालाही विचारा. मीच सांगून ठेवलंय सगळ्यांना.

इतिहासाच्या तासाला दाराशी अमेरिका, खिडकीशी विलायत, टेबलाभोवती महासागर. स्पेनची चांदीनं भरलेली जहाजं दारातून निघत आणि वाटेत इंग्रज त्यांच्यावर तुटून पडत. "चोरात आणि कप्तानात फरक काय?" गुरुजी गरजत. "राणीचा परवाना! लुटीतला वाटा तिला पोचला, की दरोडेखोराचा सरदार होतो!"

खुद्द समुद्र मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. सत्तरच्या दशकात ते दरवर्षी कोकणात बदली मागत आणि दरवर्षी नकार येई. मग एका कार्तिकात तपासणीला मोठे साहेब येणार असं कळलं. साहेब खूश झाले, तर बदली पक्की! गुरुजींनी धडा थेट गावतलावावर नेला. हेडमास्तरांच्या सहीचा परवाना खिशात, आम्ही आठवीची पोरं दोन डोंग्यांत, आणि स्पेनचं जहाज म्हणजे शिंगाडे भरून येणारा सखूबाई ढिवरणीचा डोंगा. सखूबाईला आधी सांगायचं तेवढं राहिलं.

त्यात ती शिंगाड्यांची हंगामातली पहिली काढणी, पहिला तोडा. पहिले शिंगाडे देवीला चढेपर्यंत आमच्या गावात घरचं लेकरूही तोंडात टाकत नाही. गुरुजींनी सरळ टोपल्यातच हात घातला.

"अजी गुरुजी, देवीचे हायेत थे!"

"राणीचा परवाना आहे!"

"तुमची राणी देवीहून मोठी हाये का?" म्हणत सखूबाईनं बांबू फिरवला. गुरुजी पाण्यात असे पडले, की काठावरचे साहेब टोपीसकट भिजले. गुरुजींना पोहता येत नव्हतंच. शेवटी तिनंच त्यांना धोतराला धरून वर ओढलं.

बदली झाली. पण साहेबांनी ती केली नागझिऱ्याच्या जंगलाकडल्या अशा गावी, जिथं तळं सोडाच, धड डबकंही नव्हतं.

निघायच्या दिवशी गुरुजी साकोलीच्या स्टँडवर चक्क नागपूरच्या बसमध्ये चढले. बाजाराला आलेली सखूबाई खिडकीशी धावली. "काहून जी, शाळा तं तिकडं हाये!"

"समुद्र इकडे आहे, बाई."

"पवता येत नाही तुमाले, अन् समुद्रावर कायले जाऊन राहिले?"

"नुसता पाहून येतो."

बस गेली. मागून नोकरीही गेली. गुरुजी काही परतले नाहीत. बहुधा अजून पाहूनच राहिले असतील.