कातरीचं पिल्लू

डॉल्फिनला कुणी मासा म्हटलं की तुझ्या आत्याआजीचं डोकं फिरायचं. बोटीत बसलेला एखादा हौशी ओरडायचा, "तो बघा, मासा!" की ह्या सुकाणू धरल्या धरल्या सुरू. "मासा अंडी टाकतो नि चालता होतो. ही बया वर्षभर पोटात वागवते, अंगावर पाजते. तुमच्या आईला मासा म्हणाल का?" सगळी बोट हसायची. ज्याला बोलल्या तोसुद्धा.

तुझ्या आजोबांची थोरली बहीण, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणायची. सासरी दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पदरात काही पडलं नाही. त्या लोकांनी मग परत पाठवून दिलं. मामंजींचे गुडघे गेलेले, त्यांची बोट धक्क्याला नुसती बांधून पडली होती. वन्संनी कंबर कसली आणि लोकांना डॉल्फिन दाखवायला न्यायला लागल्या. धक्क्यावरचे बोटवाले म्हणायचे, "बाई काय बोट चालवणार!" ह्या म्हणायच्या, "तुमच्या बायका तुम्हाला चालवतात, मी बोट चालवते."

बाकीचे बोटवाले डॉल्फिन दिसला की इंजिन भरधाव सोडून त्याच्या मागे लागायचे. वन्संची रीत वेगळी. त्या लांबच इंजिन बंद करायच्या आणि गप्प बसून राहायच्या. लोक चुळबुळ करायचे, पण थोड्या वेळानं डॉल्फिनच आपणहून बोटीपाशी यायचे. त्यात एक मादी होती, तिच्या पाठीवरचा पंख कात्रीनं कापावा तसा कापलेला. तिला वन्सं कातरी म्हणायच्या.

कातरीचं पहिलं पिल्लू जगलं नाही. त्या वेळी एक शिकणारी पोरगी वन्संच्या बोटीतून डॉल्फिन मोजायला यायची. ती म्हणाली, "ताई, पहिलटकरणीचं बऱ्याचदा असंच होतं. आई नवी असते, तिलाच काही कळत नाही." वन्सं एरवी एका शब्दाला दहा देणाऱ्या, पण तेव्हा त्यांनी नुसतं इंजिन चालू केलं. घरी येऊन मला एवढंच म्हणाल्या, "तिला तरी कुणी घालवून देत नाही, बरं आहे."

मग काही काळानं एकदा मी भांडी घासत होते, तर ह्या धावत आल्या. "अगं, कातरी सुटली!"

मी म्हटलं, "कोण, ती पंख कापलेली?"

"आपली गं! पिल्लू झालंय. अंगावर नुसत्या चुण्या. पोटात घडी घालून ठेवलेलं ना, अजून इस्त्री व्हायचीय." मग मला सगळं बाळंतपण सांगितलं, त्या पोरीनं त्यांना सांगितलं होतं ते. आधी शेपटी बाहेर येते, डोकं शेवटी, नाहीतर पाण्यातच गुदमरायचं. मग आई त्याला खालून ढकलत वर नेते, पहिला श्वास घ्यायला. दुसरी एखादी मादी बाजूला थांबते, सुईणीसारखी.

मी म्हटलं, "मग बाळंतिणीला काय नेऊन द्यायचं?"

"काही नको. ती स्वतःचं स्वतः पकडून खाते. तुझ्या नवऱ्यासारखी ताटावर बसून हाका मारत नाही."

आजोबा पलीकडेच होते. त्यांनी ऐकलं नाहीसं केलं.

त्या दिवसांत वन्संच्या चेहऱ्याकडे बघत राहावंसं वाटायचं. पिल्लू आज आईच्या पोटाखाली होतं, आज थोडं लांब गेलं, आज उडी मारायला गेलं नि आडवं पडलं, असं जेवताना सगळं सांगायच्या. पाण्यातल्या पाण्यात दूध कसं पितं, टाळी वाजवावी तेवढ्यात एक घोट, हे मला हातानं करून दाखवायच्या. दोन वर्षं, कधी त्याच्याहूनही जास्त पितं म्हणे. कातरीचा वन्संच्या बोटीवर इतका भरवसा, की पिल्लाला बोटीच्या सावलीत सोडून ती मासे धरायला जायची. पिल्लू बोटीच्या कडेला अंग घासायचं, खालून इकडून तिकडे जायचं. लोक दुसऱ्या बोटी सोडून वन्संची बोट मागायला लागले.

ती पोरगी एकदा म्हणाली, "ताई, त्याला बोटीची सवय लागतेय. हे चांगलं नाही."

"माझ्या बोटीची लागतेय," वन्सं म्हणाल्या. "तू मोज, मी सांभाळते."

आणि मग ते झालं. भर दुपारी. वन्संची बोट धक्क्याकडे वळली होती आणि समोरून दुसरी बोट येत होती, इंजिन चालू. कुणाच्या मागे लागली नव्हती, आपली सरळ येत होती. पिल्लानं बोट बघितली आणि आनंदानं तिच्याखाली शिरलं. वन्सं उभ्या राहून ओरडल्या, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? बोटीखाली फिरणाऱ्या इंजिनाच्या पंख्यानं त्याला चिरलं.

कातरी त्याला वर ढकलत राहिली. जन्मलं तेव्हा ढकललं असेल तसंच, पुन्हा पुन्हा, श्वास घे म्हणून.

वन्सं घरी आल्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "त्याला वाटलं, मीच आहे."

दुसऱ्या दिवशी तो बोटवाला दारात येऊन रडला. वन्संनी त्याला पाणी दिलं. "तुझा काय दोष? तुझी बोट बोटीसारखी चालली."

पिल्लू गेलं की ह्या माद्या लवकर पुन्हा गाभण राहतात. ते जगलं असतं तर कातरी तीन-चार वर्षं राहिली नसती. पुढच्याच्या पुढच्या वर्षी मी वन्संबरोबर बोटीत होते, लोकांना जीवरक्षक जाकिटं बांधून द्यायला. इंजिन बंद होतं. पाण्यातून तो कापलेला पंख वर आला आणि शेजारी एक चुण्याचुण्यांचं इवलंसं पिल्लू. कातरी सरळ आमच्याकडे आली. दाखवायलाच आणलं होतं तिनं, दुसरं काय?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वन्संकडे बघितलं. त्यांचा हात पुढं गेला होता. मग त्यांनी तो मागं घेतला, वल्हं उचललं आणि पाण्यावर दाणकन मारलं.

"जा! जा म्हणते ना! चालती हो!"

एक माणूस ओरडला, "अहो बाई, वेड लागलं का तुम्हाला?" वन्संना ऐकूच गेलं नाही. त्या वल्हं मारत होत्या, बोटीचा पत्रा बडवत होत्या. कातरी थोडी लांब गेली आणि थांबली. तिला काही कळलं नाही गं. पुन्हा जवळ आली. वन्संनी इंजिन चालू केलं, मोठ्ठा आवाज केला, नाही नाही ते बोलल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडानं शिव्या.

असं बरेच दिवस चाललं. ती यायची, ह्या हाकलायच्या. मग एकदा पंख लांबूनच वळला, आणि त्यानंतर कातरी वन्संच्या बोटीकडे आली नाही. लोकही कमी झाले. वन्सं पलीकडच्या काठाला माणसं न्यायच्या आणायच्या, तेवढंच काम राहिलं.

काही वर्षांनी आम्ही दोघी बोट धूत होतो, तर एक बोटवाला धक्क्यावरून म्हणाला, "ताई, तुमच्या कातरीचं पिल्लू बघितलं आज. चांगलं दांडगं झालंय, आता आईपासून वेगळं फिरतं."

वन्सं म्हणाल्या, "बोटीजवळ आलं?"

"छे हो. इंजिन ऐकलं की बुडी मारतं. फार घाबरट."

"घाबरतं ना?" वन्संनी विचारलं. "नक्की घाबरतं?"

"घाबरतं म्हणजे काय, दिसतसुद्धा नाही पुन्हा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई." आणि पुसून झालेली फळीच पुन्हा पुसत बसल्या. मी फडकं काढून घेतलं तेव्हा हात थांबला.