हौसाने न लावलेला दिवा: वाई ते पलूस, एका लाकडी पेटीसोबत

"शालू, तुझी ती दिव्याची पेटी घेऊन ये. एका पोरीचं ठरवायचंय," असा माझ्या मावसभावाचा, मधूदादाचा, निरोप आला आणि मी लगेच पिशवी भरायला घेतली. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मधूदादा पलूसजवळच्या एका गावात हेडमास्तर, आणि माझी वाईला बालवाडी. सहा वर्षांची हौसा शाळेत तोंडच उघडत नव्हती. तिला पहिलीत घ्यायचं की काकीचं तान्हं पोर सांभाळायला घरी ठेवायचं, हे माझ्या पेटीवर ठरणार होतं!

पेटी माझ्या धाकट्या दिरांनी, भावजींनी, केलेली. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पेटीत चित्रांचा पत्ता सरकवायचा, वर एक चित्र, खाली तीन. वरच्याची जोडी कोणती ते ओळखून त्याखालचं बटण दाबायचं. बरोबर असेल तर लाल दिवा लागायचा. मूल विचार कसं करतं ते परीक्षेचं भय न घालता कळावं, एवढीच माझी हौस. "वहिनी, तारा तुटल्या तर तुम्हाला जोडता येणार आहेत का?" म्हणून भावजी बरोबर निघाले. खरं कारण कराडला उसाचा रस, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आधी उलट्या दिशेला, पाचगणीला गेलो. तिथल्या एका शाळेनं पेटी बघायला मागितली होती. पसरणीचा घाट यष्टीतून चढायचा तर डावीकडची खिडकी धरा, आजही हेच सांगेन. तिथल्या पोरांनी धमाल केली. दिवा लागला की टाळ्या, परत दाब, परत टाळ्या. संध्याकाळपर्यंत सेलचा जीव गेला. भावजींची कुरकूर घाट उतरेपर्यंत चालली होती.

दुसऱ्या दिवशी वाईहून सातारा, साताऱ्याहून कराड. आता हा रस्ता तुम्ही गाडीतून गाणी ऐकत जाल. आम्ही पेटी मांडीवर घेऊन गेलो, आणि प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेतलं. साताऱ्याला कंदी पेढे घेतले, ते मधूदादाच्या घरी पोचेपर्यंत अर्धेच उरले. कराड स्टँडबाहेर रस झाला, नवे सेल झाले, आणि पलूसची गाडी मिळाली. पुढे दोन्ही बाजूंना नुसता ऊस. शेजारच्या आजोबांनी पेटीकडे बोट करून विचारलं, "आवं बाई, ह्यात साप हाय का?" भावजी म्हणाले, "व्हय, पण पाळलेला." आजोबा पुढच्या थांब्यापर्यंत उभे राहिले.

शाळा म्हणजे देवळाशेजारची एक खोली. सगळ्या मुलांसमोर भावजींनी जुने सेल काढून नवे घातले. मी एक पत्ता खेळून दाखवला. मग हौसाला बोलावलं. तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, नजर खाली. तिची आई दारातच उभी. "घरात लय बोलती वो. हितंच मुकी हुती," ती मला हळूच म्हणाली.

पहिला पत्ता, चूक. दुसरा, चूक. सगळे पत्ते संपले, दिवा एकदाही लागला नाही. मधूदादानं मान हलवली. "काय खरं न्हाई गड्या हिचं." आईनं पदर तोंडाला लावला. मला इतकं वाईट वाटलं!

पण पत्ते गोळा करताना डोक्यात आलं, अरेच्चा, डोळे मिटून दाबलं तरी मधेच एखादं बरोबर यायला हवं. ही एकदाही चुकून बरोबर नाही? म्हणजे बरोबर कोणतं ते हिला दर वेळी कळतंय!

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "हौसा, दिवा आवडला नाही का गं?"

"लागला तर सेल उतरत्यात."

"उतरू देत की!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. "आण्णा सुट्टीवर येनार हायत मिल्ट्रीतनं. रातच्या यष्टीनं. बॅटरी पेटली न्हाई तर फाट्यावर कसं जायाचं आनायला?"

तिची आई रडत रडत हसायला लागली. आण्णा म्हणजे हौसाचे वडील. घरातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, खुंटीला असायची, आणि सेल उतरू नयेत म्हणून तिला उगीच कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच होता; तोच हौसानं माझ्या पेटीलाही लावला होता.

भावजींनी पेटी उघडली, तारा इकडच्या तिकडे केल्या. आता दिवा आधीच पेटलेला आणि बरोबर बटण दाबलं की विझायचा. हौसानं पत्त्यामागून पत्त्याला दिवा विझवला, इतक्या झपाट्यानं, की मला पत्ते सरकवायला उसंत मिळेना. शेवटी स्वतःच म्हणाली, "वाचलं बगा सेल." मधूदादानं तिथल्या तिथे तिचं नाव पहिलीत घातलं. रात्री त्याच्या घरी दही, भाकरी आणि शेंगांची चटणी. काय चव होती म्हणून सांगू!

परतताना सांगलीला वाकडी वाट करून भडंग घेतलं. तुम्हीही घ्या. निघायच्या आधी भावजींनी पेटीतले सेल काढून हौसाच्या हातात ठेवले होते, त्यामुळे वाईपर्यंत पेटी मुकीच आली. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आता माझी नात टॅबवर तसलेच खेळ खेळते. बरोबर आलं की चांदणी चमकते, आणि तिची हुशारी शाळेला परस्पर कळते. परवा तिला एकही चांदणी मिळाली नाही, म्हणून सूनबाई घाबरल्या. मी नातीशेजारी जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले तरी बसले, आणि विचारलं, "काय गं, चांदणी कुणासाठी राखून ठेवलीस?"