घाडी सरांचा आईबाप क्लास

गिरणी बंद पडल्यावर आमच्या ह्यांनी घाटकोपरला क्लास काढला. मुलांचा नव्हे, आईबापांचा! १९८५ साली जवळच इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती आणि प्रवेशाआधी मुलाखत व्हायची ती आईबापांची. त्यांची तयारी करून घेणार कोण, तर सातवी पास काशीराम घाडी सर! "रविवारी काय करता?" या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर घोकायचं, "मुलांना म्युझियम दाखवतो." ह्यांनी स्वतः म्युझियम बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. तरी धंदा जोरात.

मग आमच्या बेबीच्या प्रवेशाची वेळ आली. मुख्याध्यापिकेनं रविवारचं विचारलं आणि सरांचीच दातखीळ बसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बांगडे तळतो, पोटभर जेवतो आणि पाय पसरून झोपतो. म्युझियम गेलं खड्ड्यात!"

बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "सकाळपासून हे पहिलंच खरं उत्तर." बेबीला प्रवेश मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून क्लासला जागा पुरेना. पहिल्याच बाकावर, कांदासुद्धा न खाणारे मेहताभाई डोळे मिटून घोकत होते, "बांगडे तळतो, पोटभर जेवतो..."