साखळीतला अबोला

हल्ली संघभावनेवर व्याख्यानं देणारे लोक असतात. मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये असेच एक गृहस्थ येऊन गेले. संघात मैत्री हवी, मोकळा संवाद हवा, असं तासभर सांगत होते. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, तू कधी कबड्डीच्या डाव्या कोपऱ्यात उभा राहिलायस का?

मी जोगेश्वरीची. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी आमच्या वस्तीतल्या मुलींच्या कबड्डी संघात होते. चढाई माझी, पण संघाचा जीव डाव्या बाजूला होता. तिथे कोपऱ्यात एक आणि तिच्या शेजारी दुसरी, अशा दोन जिवलग मैत्रिणी हातात हात धरून उभ्या राहत. यालाच साखळी म्हणतात. त्यांचं बोलणंही हातानेच चाले. शेजारणीने एकदा हात दाबला की थांब, दोनदा दाबला की घे पाय. समोरची काय करणार हे तिच्याआधी या दोघींना कळतं, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो.

दोघींचे वडील एकाच गिरणीत, एकाच खात्यात. संप लांबत गेला, दोन्ही घरांत चूल जेमतेम पेटत होती. मग एके सकाळी कोपरेवालीचे वडील डबा घेऊन कामावर गेले. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना ‘फितूर’ हे नाव पडलं ते पडलंच. शेजारणीच्या वडिलांनी घरात बजावलं, त्या घराशी बोलायचं नाही. तिने वडिलांचा शब्द पाळला. मला तिचा राग कसा येणार? माझाही भाऊ संपावर होता.

आमच्या क्रीडा मंडळातले वडीलधारे संघाला शिकवणाऱ्या सरांकडे आले. "फितुराचा चेडू संघात कित्याक व्हया?" फितुराची पोर संघात नको, असं त्यांचं म्हणणं. सरांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही सगळ्यांनी शेजारणीकडे. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "खेळू दे तिला. पण मला बोलायला लावू नका."

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या दोघी हातात हात धरून उभ्या राहत आणि एकमेकींशी चकार शब्द बोलत नसत. पकडी पूर्वीइतक्याच चांगल्या होत, खोटं कशाला सांगू? हात दाबला जाई, पाय पकडला जाई आणि शिट्टी वाजली की शेजारीण हात काढून घेई, चटका बसल्यासारखा. एकदा पाणी पिताना कोपरेवाली मला म्हणाली, "खेळ चालू असतो ना, तोवर बरं वाटतं गं. तेवढा वेळ तिचा हात असतो."

स्पर्धेत उपान्त्य सामना मुलुंडला होता. खेळ संपत आलेला, आम्ही एका गुणाने मागे, आणि नेमक्या या दोघी बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्या. आधी शेजारीण बाद झाली होती, मागाहून कोपरेवाली. मी चढाईत एकीला टिपून परत आले. बरोबरी झाली आणि आमच्या एका मुलीला आत यायचा हक्क मिळाला. नियम साधा आहे, जी आधी बाद झाली ती आधी उठते. पण आमच्या वस्तीच्या मैदानात हा क्रम आम्ही कधीच पाळला नव्हता. जिची गरज ती उठायची. सर ओरडायचे, आम्ही हसायचो.

शेजारीण उठली, एक पाऊल टाकून थांबली आणि मागे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जा गो तू! कोपऱ्यात तूच व्हयी."

कोपरेवाली धावत आत आली. पंचांनी शिट्टी फुंकली. क्रम मोडला म्हणून गुण समोरच्या संघाला. उरलेल्या वेळात तो काही आम्हाला भरून काढता आला नाही, आणि आम्ही हरलो.

सर भडकले. "एवढी वर्षं खेळता, उठायचा क्रम कळत नाही? पार वाट लावलीत सामन्याची!" शेजारीण मान खाली घालून उभी होती. कोपरेवाली मातीत बसून हमसाहमशी रडत होती. ते रडणं बघून सरांचाच आवाज उतरला. तिच्याजवळ उकिडवे बसत म्हणाले, "जाऊ दे गं पोरी. पुढच्या वर्षी जिंकू."

तिने मान हलवली.

"हरल्याचं नाही हो सर," ती म्हणाली. "ती बोलली माझ्याशी."